तिसऱ्या तळ्यापर्यंत

आधी अक्काचं नाव घेतो. ती माझी मोठी बहीण. लोह्याजवळच्या आमच्या गावात तिने चौथीत शाळा सोडून गुरं राखली, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो, पुढे फौजदार झालो. माझ्या नोकरीतला एक तपास अजून मनातून जात नाही, तो तिच्यामुळेच.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी चालू असताना दोन भाऊ आले. त्यांचे सत्तरीचे वडील, गावातले जुने किराणा दुकानदार, आदल्या दिवसापासून बेपत्ता होते. मोबाइल गल्ल्यात, हृदयाच्या गोळ्या कपाटात. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या तर जिवाला धोका आहे.

नोंद घेतली आणि मी चूक केली. दुकानाच्या वाटणीचा वाद असेल असं धरून दिवसभर मुलांचीच चौकशी केली, विहिरीत गळ टाकायला लावले. धाकटा रडत होता, ते मला नाटक वाटलं.

संध्याकाळी आमच्या चहावाल्याने खबर दिली, की म्हातारा महिनाभर रोज दुपारी शिंप्याकडे बसत होता.

शिंपी त्यांचा लहानपणचा दोस्त. मी त्याचं दुकान गाठलं.

"साहेब, त्यानं शपथ घातलीय. घरी कळलं तर जाऊ देणार न्हाईत."

"काका, त्यांच्या गोळ्या घरीच राहिल्यात."

त्याच्या हातातली कात्री थांबली. "बावळट हाय. यादी मीच केली होती. तवा, दोरी, काडेपेटी, सगळं घेतलं. अन् गोळ्या इसरला."

त्याने कपडा बेतायच्या कागदावर काढलेला नकाशा पुढे केला. नांदेड, हदगाव, तिथून किनवटकडचं जंगल. आत तीन तळी, मधे पायवाट. ती तळी बघायला दोघांनी जायचं ठरलं होतं. ऐन वेळी शिंप्याचा गुडघा सुजला.

"कुठल्या तळ्यावर असतील?"

"ते कसं सांगू? पण बेलाच्या पानाशिवाय त्याची लिंगपूजा होत न्हाई. अन् पूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंब घेत न्हाई त्यो. रुसून बसेल, पण घेणार न्हाई."

मी तिथल्या वनरक्षकाला फोन लावला. बेलाचं झाड कुठल्या तळ्यावर आहे, एवढंच विचारलं. तो म्हणाला, फक्त दुसऱ्यावर. पहाटे तो तिथे पोचला. आजोबा झाडाखाली तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. धाप लागली होती, पण शुद्धीत होते.

मी मुलांना आणि गोळ्या घेऊन दुपारी वनरक्षकाच्या चौकीवर पोचलो. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी आजोबांना तपासून धोका टळल्याचं सांगितलं होतं. मी जबाब घ्यायला बसलो.

"घरी का सांगितलं नाही?"

"जेवलास का, गोळी घेतलीस का, सारखं इचारतात हो. लई चांगली लेकरं हायेत. कुठं जायचंय का, हे मातर कुणी इचारलं न्हाई." मग हळूच म्हणाले, "साहेब, तिसरं तळं ऱ्हायलंय."

थोरला रागावला होता. धाकट्याने वडिलांची पिशवी खांद्याला लावली. वनरक्षकाची जीप निम्म्या वाटेपर्यंत गेली. पुढे आम्ही त्यांना सावकाश चालवत नेलं. आजोबा तिसऱ्या तळ्याच्या काठावर बसून नुसते हसत होते. स्वेच्छेने गेल्याचा जबाब लिहून मी प्रकरण बंद केलं.

हरवलेल्या माणसाचा तपास करताना मी शेवटचं कुणी पाहिलं, हेच विचारत आलो होतो. त्याला काय पाहायचं होतं, हे विचारायला एका शिंप्याने शिकवलं. ठाण्यात परतल्यावर मी हे पत्र टाकलं:

"अक्का,
मीही तुला फोनवर गोळ्यांचंच विचारतो. तुला कुठं जावंसं वाटतं, हे एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. चुकलो. आठ दिवसांची रजा मागितली आहे. फोनवर तू 'मला कुठं जायचंय' म्हणून टाळशील, म्हणून लिहितोय. ठिकाण तुझ्या हातानं लिहून पाठव. कितीही लांबचं असू दे."