मोरीतला पिवळा डाग

भाचीचा फोन आला. ‘मामा, आई गेली.’ मी फोन ठेवला आणि सातपूरच्या आमच्या जुन्या घरातल्या मोरीत जाऊन उभा राहिलो. तिथल्या एका फरशीवर पिवळा डाग आहे. तो ताईचा...

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाबांचे कान कारखान्यातल्या प्रेसच्या दणक्यांनी गेले होते. वस्तीच्या गायनपार्टीत पेटी वाजवणारा माणूस, सूरच कळेना म्हणून पेटी झाकून गप्प बसला. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, म्हणून आमचं बोलणंही आटत गेलं. ताईला ते सोसवेना. ती जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये रेडिओची जोडणी करायची. कानाचं यंत्र विकत आणण्याची ऐपत नव्हती. ‘मी करते,’ ती म्हणाली.

जन्मात कधी नखांना न लावलेलं नेलपॉलिश तिने आणलं आणि तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीवर काडीने रेघा ओढल्या. मग मोरीत प्लास्टिकच्या टबात फेरिक क्लोराइडचं तपकिरी पाणी, त्यात ती पट्टी. ताई टब हलकेच हलवत राहिली. उघडं तांबं बघता बघता विरत गेलं आणि उरल्या फक्त तिच्या रेघा. वरचं नेलपॉलिश थिनरने पुसल्यावर त्या अशा झळकल्या की मी बघतच राहिलो. वीज चालायच्या वाटा माझ्या बहिणीने हाताने काढल्या होत्या! आयुष्यात पुढे पुष्कळ पाहिलं, पण तसा थक्क क्वचितच झालो.

पार्ट बसवायला घेतले आणि ताई एकदम थांबली. पार्ट पुढून बसतात आणि तांबं पट्टीच्या मागच्या बाजूला येतं, म्हणून सर्किटचा नकाशा आरशात दिसतो तसा उलटा उतरवायचा असतो. घाईत ती तेच विसरली होती. ट्रान्झिस्टरचे पाय भलत्याच भोकांत जात होते. ‘मेहनत वाया गेली,’ मी म्हटलं. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, ‘रेघा उलट्या आहेत ना, मग पार्टही उलट्या बाजूने बसवू.’ आणि तिने सगळे पार्ट तांब्याच्याच बाजूला सोल्डर केले.

साबणाच्या डबीतलं ते यंत्र बाबांच्या खिशात गेलं, इअरफोन कानात. ताई सवयीने ओरडली, ‘बाबा, ऐकू येतंय का?’

बाबा दचकले. ‘वरडती कशाला? मी काय बहिरा हाय?’

आई हसता हसता रडायला लागली. त्या वर्षी भीमजयंतीला बाबा पुन्हा पेटीवर बसले.

टब उचलताना थोडं पाणी सांडलं होतं, तोच हा डाग. आईने चिंचेने घासून पाहिला, लिंबाने पाहिला. शेवटी बाबाच म्हणाले, ‘राहू दे. माझे कान तिथं भिजत घातले व्हते.’

परवा मोरीला टाइल्स बसवायला गवंडी आला. ती एवढी फरशी सोड, मी सांगितलं. त्याने काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मग तो ओरडला, ‘काका, डाग हाय ना तिच्यावर?’

हल्ली माझंही असं होतं. ताईला सांगायचं राहून गेलं. ती म्हणाली असती, ‘मी करते.’