दहातून आठ गेले, दोन चॉकलेटं

"दहा रुपयांची नोट दिली, आठ रुपयांचं पेन घेतलं. दुकानदार परत काय देईल?" मी वर्गाला विचारलं, आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "दोन चॉकलेटं!"

मी कपाळाला हात लावला. रागवायलाही जागा नव्हती, कारण गावातल्या एकुलत्या एका दुकानात खरंच तसंच होतं. सुट्टे नसले की बरणीत हात घालून चॉकलेट काढायचं आणि पोराच्या हातावर ठेवायचं. पोर खूश, दुकानदारही खूश. एका मुलाने तर हात वर करून सुचवलं, की आठ रुपये फोनवरून द्यायचे म्हणजे परत घ्यायची भानगडच नको. त्याचे वडील शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला आहेत, त्यामुळे त्याचं वर्गात जरा वजन आहे.

माझी शाळा शेंद्र्याच्या पुढे, जालना रोड सोडून आत गेल्यावर लागते. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, एक मुख्याध्यापक सर आणि दुसरी मी. दुसरी-तिसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. शहरातल्या सिडकोतून स्कूटीवर, ट्रकांच्या मधून वाट काढत यायचं म्हणजे पोचेपर्यंत माझा राग नाकावर आलेला असतो. मुलांना ते पक्कं ठाऊक आहे. पहिल्या तासाला पाणी प्यायला जाऊ का, असं कुणी विचारत नाही.

तिसरीत एक धनगराची मुलगी होती. हडकुळी, तेल चोपडून घातलेल्या दोन घट्ट वेण्या, आणि बोलणं अगदी मोजकं. मुलांच्या घरचं उदाहरण घेतलं की गणित लवकर डोक्यात शिरतं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं. म्हणून मी तिला मोठ्या प्रेमाने विचारलं होतं, "तुझ्या बाबांकडे चाळीस मेंढरं आहेत. त्यातली बारा विकली. मग राहिली किती?"

तिने पाटी पालथी ठेवली. मला वाटलं, येत नाही. बोटांवर कर म्हटलं, मण्यांची माळ पुढे केली. ती माळेला हात लावेना.

"मेंढरं मोजत नसतेत, बाई," ती शेवटी म्हणाली.

"का गं?"

"मोजलं की कमी होतेत."

"अगं, ही गणितातली मेंढरं आहेत."

"तरी बी नाय."

माझा पारा चढायला लागला होता. पण तिच्या चेहऱ्यावर हट्ट दिसत नव्हता. खरीखुरी काळजी दिसत होती, जणू मी तिच्या घरावर काहीतरी संकट ओढवत होते. मग मला माझी आई आठवली. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत म्हणून तिने मला लहानपणी दटावलं होतं, आणि आजही माझ्या घरी कुणी किती पोळ्या खाल्ल्या हे मी मोजत नाही. एम.ए., बी.एड. होऊनही मोजत नाही. तेव्हा मी मेंढरं सोडून दिली आणि म्हटलं, "बरं, पैसे मोजलेले चालतात का?"

"व्हय. पैसं चालतेत," ती म्हणाली.

चॉकलेटांच्या त्या उत्तरानंतर मी वर्गात दुकानच मांडलं. कपाटातली गणिताची पेटी काढली. तिच्यातल्या खेळातल्या नोटा जुन्या, नोटबंदीच्या आधीच्या रंगांच्या; दोनशेची नोट तर नव्हतीच. काड्यापेट्या, साबणाची वेष्टनं, रिकामे चहाचे पुडे मुलांनी घरून आणले. एक बाक म्हणजे गल्ला. चॉकलेट देणाऱ्या दुकानदाराचं दुकान त्या दिवसापुरतं बंद, असा कायदा केला.

तिसरीला सगळ्यात छळतं ते शंभरातून वजा करणं. शंभरातून त्रेसष्ट काढायचे. शून्यातून तीन जात नाहीत, म्हणून शेजारच्या घराकडे जा, तर शेजारीही शून्य. इथे दरवर्षी कुणीतरी रडतं. त्या मुलीने मात्र माझ्या हातातली शंभराची नोट ओढून घेतली आणि म्हणाली, "आधी हिची मोड करा की." तिने शंभराच्या दहा दहाच्या केल्या. त्यातली एक पुन्हा मोडली आणि एकेक रुपया मांडला. मग त्रेसष्ट उचलून बाजूला ठेवले आणि उरलेल्यावर हात ठेवून म्हणाली, "सदतीस." दुकान त्या दिवसापासून तिचं झालं. थोड्याच दिवसांत ती नोटांना हात न लावता, छताकडे बघून हिशेब सांगू लागली. मी हवेतच होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं फार वेळा होत नाही, आणि झालं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दसऱ्यानंतर तिचे वडील दिवाळीची सुट्टी कधी लागते ते विचारायला शाळेत आले. उंच, काळा माणूस, खांद्यावर घोंगडी, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून उभा राहिला. मी त्यांना आत बोलावलं आणि सांगून टाकलं, "तुमची मुलगी दोनशेचा हिशेब तोंडी करते. माझ्या वर्गात तिच्यासारखं कुणी नाही."

त्यांचा चेहरा उजळला. मुलीकडे बघून त्यांनी हसून मान हलवली. मग म्हणाले, "मंग लई बरं झालं, बाई. यंदा हिला संगं नेतो."

मला कळेचना. मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर खाली पाचोडकडे, गोदावरीच्या अंगाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, हे मला माहीत होतं. पण मुलगी तेवढे महिने गावात आजीजवळ राहून शाळेत यायची. तसं ठरलेलंच होतं.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. ते दिवसभर मेंढरांमागे असतात. तळावरचं सगळं, बाजारहाट, खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवली त्याचे पैसे घेणं, हे मुलीची आई बघते. आईला शाळेचा गंध नाही. गेल्या वर्षी पाचोडच्या बाजारात तिने विसाची म्हणून दोनशेची नोट दिली, दोन्ही पिवळ्याच दिसतात, आणि दुकानदाराने खिशात घातली. "आता पोरगी हाये ना हिशोबाला," ते म्हणाले. "तुमी शिकवलं म्हणून जमलं."

मी खूप बोलले. कायदा सांगितला, तिचं वर्ष वाया जाईल म्हणाले, नको तेवढा आवाज चढवला. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी फक्त म्हणाले, "आमी फसलो तर खायाचं काय, बाई?" ते गेल्यावर मला माझाच इतका राग आला की मी फळा पुसता पुसता डस्टर आपटलं. चांगलं शिकवलं नसतं तर ती वर्गात राहिली असती. या विचाराने मला अक्षरशः रडू आलं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "तुला जायचंय का?"

तिने वेणीचं टोक दातात धरलं. "तिथं कोकरं असतेत," ती म्हणाली. "आई बी असती." मग म्हणाली, "पण दुकान इथं हाये."

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. तिला पेटीतल्या नोटा घरी न्यायच्या होत्या. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आईला शिकवते. तिला आलं की मला कामून नेतील?"

पेटी शाळेबाहेर जाऊ द्यायची नाही, तपासणीला एकेक वस्तू दाखवावी लागते. मी दारात उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघू लागले. मी नोटा रबर लावून तिच्या दप्तरात टाकल्या. पण खरं सांगायचं तर मला आशा नव्हती. रोज शाळेत येणाऱ्या मुलांना जे शिकवताना माझं वर्ष संपतं, ते एका बाईला दिवाळीच्या सुट्टीत, मेंढरांच्या आणि स्वयंपाकाच्या गडबडीत, नऊ वर्षांची पोर काय शिकवणार?

दिवाळीत मी घरी फराळाचं सामान आणलं, पणत्या आणल्या, भाजी आणली, आणि सगळे पैसे फोनवरून दिले. भाजीवालीने मला किती सांगितले आणि मी किती दिले, हे घरी येईपर्यंत मी विसरूनही गेले होते. पैसे मोजायला शिकवणारी बाई मी, आणि माझ्या पर्समध्ये मोजायला नोटाच नव्हत्या. मला तिची सारखी आठवण यायची.

शाळा उघडली त्या दिवशी तिची जागा रिकामी होती. हजेरी घेताना तिचं नाव आलं तेव्हा माझा आवाज बदलला असावा, कारण मुलं एकदम शांत झाली. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, ती बघा."

ती दारात होती. पुढे तिची आई, डोक्यावर पदर, हातात रबर लावलेल्या नोटा. वडील मात्र फाटकापाशीच थांबले होते.

आईने नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या. मी पाहतच राहिले. सगळ्या नोटा खडूंनी नव्या नोटांच्या रंगांत रंगवल्या होत्या. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभराची जांभळट, विसाची हिरवट पिवळी. वहीच्या पुठ्ठ्यातून कापून दोनशेच्याही केल्या होत्या, झेंडूसारख्या पिवळ्या. पेटीची पार वाट लागली होती.

"हिचा बाप म्हन्तो," आई खाली बघत म्हणाली, "शाळंतल्या बाईनं पारखून बघावं. मला येतंय म्हन्ली तर पोरगी हितं ठेवतो. नाय तर न्यायची."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन पडलं. सोपं विचारलं असतं तर मुलगी राहिली असती, आणि आई पाचोडच्या बाजारात पुन्हा फसली असती. मला सोपंच विचारायचं होतं. तोंडावर आलं होतं, दहातून आठ. मी मुलीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, अगदी मी वर्गात बघते तशी.

"अवघड विचारा, बाई," ती म्हणाली. "तिथलं लोक अवघडच असतेत."

मग मी खऱ्या नोटा घ्यायचं ठरवलं. माझ्या पर्समध्ये काही नव्हतं, शेजारच्या खोलीतून आलेल्या सरांनी खिशातून काढून दिल्या. मी दुकानदार झाले. दोनशे रुपये आईच्या हातात दिले आणि सांगितलं: तेलाचं पाकीट पंच्याहत्तर, साखर चव्वेचाळीस, चहापत्ती तीस, मीठ चौदा. झाले एकशे त्रेसष्ट. आईने एकेक भाव पुटपुटत अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, मान हलवली आणि दोनशेची नोट पुढे केली. मी तिच्या हातावर विसाची नोट आणि पाचाचं नाणं ठेवलं. वर टेबलाच्या खणातून, मुलांकडून जप्त केलेल्यांतली दोन चॉकलेटं ठेवली. चेहरा अगदी दुकानदारासारखा बेफिकीर केला.

आईने मूठ मिटली आणि पैसे कमरेच्या पिशवीत टाकले. मला वाटलं, संपलं सगळं. मुलीने ओठ घट्ट दाबून धरले होते.

पिशवीचा बंद ओढता ओढता आईचा हात थांबला. तिने पैसे पुन्हा बाहेर काढले. ओठ हलत होते. "एकशे त्रेसष्ट... सत्तरला सात... मंग तीस." तिने वर पाहिलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"धा कमी हायेत, बाई."

मी दहाची नोट दिली. ती घेऊन तिने दोन्ही चॉकलेटं बोटाने माझ्याकडे सरकवली.

"अन् ह्ये नगं. माझं दोन रुपये द्या."

सर मोठ्याने हसले. वर्ग हसला. आईही पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र खणात दोन रुपये शोधत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मुलांनी ते पाहिलेलं मला चालत नाही. फाटकापाशी जाऊन मी वडिलांना सांगितलं, "तिला येतं." ते म्हणाले, "मंग राहू द्या पोरगी." बस एवढंच.

दोन दिवसांनी सकाळी शाळेसमोरच्या रस्त्याने मेंढरं निघाली. पुढे वडील, मागे संसार लादलेलं घोडं, आणि घोड्याचा दोर धरून आई. मुलं खिडकीला लटकली. कंपनीवाल्याच्या मुलाने बोट नाचवत मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन, चार..."

"मोजू नको!" ती त्याच्यावर ओरडली. वर्गात इतक्या मोठ्याने ती आधी कधीच बोलली नव्हती.

आईने चालता चालता शाळेकडे पाहिलं, कमरेच्या पिशवीवर हात मारून दाखवला आणि वळणावरून दिसेनाशी झाली. मुलगी खिडकीतून हलेना. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिला काय वाटत होतं ते मला माहीत होतं. दसऱ्यानंतर मलाही तेच वाटलं होतं. तिने आईला इतकं चांगलं शिकवलं होतं की आईला आता तिची गरज नव्हती.

"बाई," ती मागे न बघता म्हणाली, "मी लई चांगलं शिकवलं का वो?"

"हो गं," मी म्हटलं, आणि मग ती रडली.