पाचात एक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. साळूबाई मेथीच्या जुड्यांवर ओलं पोतं टाकत होती आणि मनात पाढा म्हणत होती. पाच पाचे पंचवीस. पाच पंचवीस सव्वाशे. पाच सव्वाशे सव्वासहाशे.

ती मिरजगावची. दर आठवड्याला जवळच्या एका वाडीच्या बाजारात भाजी विकते. तिच्या रांगेत जागा पाच आणि सावली एकाच जागेला, पाच नंबरला. जागांच्या चिठ्ठ्या देवळात निघतात. उन्हात मेथी अकराच्या आत माना टाकते. भांडीवाल्या कानिफनाथच्या स्टीलच्या पातेल्यांना सावली कशाला लागते, देव जाणे. पण चार बाजार ती त्यालाच मिळाली होती.

पंचायतीचा शिपाई हनुमंत एक ते पाच चिठ्ठ्या लिहायचा, त्याच क्रमाने देवापुढच्या तांब्यात टाकायचा. तांब्या हलवायचा नाही, आत बोटं फिरवायची नाहीत, निघेल तो देवाचा कौल, अशी रीत. चिठ्ठी उचलायचा पहिला मान सर्वात जुन्या विक्रेत्याचा, म्हणजे कानिफनाथचा.

आज देवळात कानिफनाथने हात पुढे केला, तोच साळूबाईने तांब्यात हात घालून चिठ्ठ्या ढवळल्या.

"अगं बया, बाटवला की तांब्या!" बांगड्या विकणारी रंगुबाई ओरडली.

"बाहेरगावची तू, तुला शिस्त न्हाई व्हय?" कानिफनाथ उसळला. "देव देतो मला. तुझं काय दुखतंय?"

"मी चार बाजार उन्हात, त्याचं नवल न्हाई. पाच जागा, चार बाजार, म्हंजी सव्वासहाशे तऱ्हा; त्यात अडीचशे बारी तसं हुतंच. पर चारी बारी तुलाच सावली, हे सव्वासहाशेत एकदा. हनुमंता, पाच नंबरची चिठ्ठी तू शेवटी टाकतोस. ती वर ऱ्हाती. ह्यो वरचीच उचलतो."

"लई शिकलीस गं!" मागून कुणीतरी म्हणालं. हनुमंतने तांब्या कानिफनाथपुढे सरकवला.

कानिफनाथने चिठ्ठी उचलली. दोन नंबर. तो साळूबाईच्या पायाशी थुंकला. पाच नंबर रंगुबाईला निघाला; तिने साळूबाईकडे पाहिलंही नाही. साळूबाईसाठी शेवटी उरली एक नंबरची, ऐन उन्हातली.

"एवढा तमाशा करून काय मिळालं?" कानिफनाथ हसला.

"पाचात एक चान्स मिळाला. मागचे चार बाजार त्यो बी नव्हता."

अकराला मेथी माना टाकून पडली. उरलेल्या जुड्या तिने शेळीवाल्याला दिल्या. दुपारी हनुमंतने पंचायतीच्या फळ्यावर लिहिलं : पुढच्या बाजारापासून चिठ्ठ्या डब्यात घालून, सर्वांसमोर हलवून काढण्यात येतील. खाली कानिफनाथच्या हरकतीची नोंद होती.

उद्या बाजार नाही. पहाटे साडेपाचला साळूबाई मेथीच्या नव्या वाफ्याला पाणी देत असेल.