तिच्या हाताची पट्टी

"सीट बरोबर आहे."

"कोणासाठी बरोबर, मिस्त्रीकाका? माझ्यासाठी तर नाही!"

"सराव कमी पडतोय. उगाच खुर्चीला नावं ठेवू नकोस."

"खुर्चीला तोंड असतं तर तिनंच तुम्हाला सुनावलं असतं."

मिस्त्रींच्या शेडमध्ये पोरगी शर्यतीच्या चाकाच्या खुर्चीत गुडघे दुमडून बसली होती. मागे दोन कललेली मोठी चाकं, पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक छोटं. खुर्ची रोलरवर चढवलेली, चाकं जागच्या जागी फिरावीत म्हणून.

"हे बघा." तिनं हातमोज्याची मूठ चाकाच्या रिंगवर ठेवली. "वर ठोसा बसतो. पण खाली जाता जाता हात संपतो. मग खांदा ओढला जातो. बाकीच्या एका ठोशात जातात तेवढ्याला मला दोन लागतात. आणि रविवारी निवड आहे, काका."

मिस्त्रींना हे कळत नव्हतं का? सीट बोटभर उंच झाली तर हात रिंगच्या तळाला पोचत नाही, बोटभर खाली गेली तर कोपर अडकतं आणि खांदा कानाला टेकतो. हे ते प्रत्येक नव्या खेळाडूला पाढ्यासारखं ऐकवायचे. आधी ते खिडक्यांच्या जाळ्या करत. धाकटी बहीण शर्यतीत उतरली, तेव्हा तिच्यासाठी पहिली खुर्ची केली. ती तापात गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तिची खुर्ची अजून छताच्या आकड्याला टांगलेली होती.

"पट्टीनं मोजलंय मी."

"दाखवा ती पट्टी."

हाताळून काळी पडलेली लाकडी पट्टी. तिच्यावर पेन्सिलीच्या तीन खुणा: खांदा, कोपर, मूठ. प्रत्येक खुर्चीची सुरुवात मिस्त्री या पट्टीनं करत, मग खेळाडूचा हात मोजून फरक काढत. या पोरीचा फरक त्यांनी काढलाच नव्हता.

तिनं पट्टी खांद्याला लावली. मूठ संपली. पट्टी चार बोटं पुढेच गेली.

"हा हात कोणाचा?"

पंख्याच्या वाऱ्यानं टांगलेल्या खुर्चीचं चाक हळूच फिरलं.

"बहिणीचा," मिस्त्री म्हणाले. "तू पाठमोरी वाकलीस की तीच दिसतेस गं. आणि तो आवाज... उजवा ठोसा आधी, डावा जरासा मागून. ठप-ठप. तिचा अस्साच यायचा. तू गेल्यावरही इथे ऐकू येतो."

"माझा डावा मागून येतो, कारण डावा खांदा दुखतो, काका!"

मिस्त्रींनी तिच्याकडून पट्टी घेऊन बाकावर ठेवली. टेप काढून त्यांनी तिचा हात मोजला. एकदा. पुन्हा एकदा. मग बोल्ट सैल केले, सीट धरणारे लोखंडी कान कापले, खाली घेऊन पुन्हा जोडले. दुपार त्यातच गेली.

पोरगी खुर्चीत बसली. वाकली. ठोसा. हात रिंगवरून थेट तळापर्यंत गेला, सुटला, परत वर आला. खांदा ठणकत होता, पण ओढ नव्हती. दोन्ही हात एकदम.

ठप.

ठप.

मिस्त्री मान कलती करून मागून येणाऱ्या दुसऱ्या ठोशाची वाट बघत राहिले. चाकांचा वेग वाढला. तो ठोसा आला नाही.

"काका!" पोरगी हसत ओरडली. "आता बरोबर ना?"

लाकडी पट्टी बाकावर पडली होती. ती उचलून, छातीशी धरून मिस्त्री उन्हात बाहेर निघून गेले.