तीन खाकी शर्ट आणि आईची ढोलकी

इंग्लंडच्या तीन पोरींनी गायलेलं ते गाणं तिकडे म्हणे महिनोन्‌महिने गाजत होतं. आमच्या नाशिकच्या घरात ते पोचलं धाकट्या बहिणीच्या दप्तरातून. तिच्या वर्गमैत्रिणीचा भाऊ दुबईहून कॅसेट घेऊन आला होता. बहिणीनं ती दोन दिवसांच्या बोलीवर आणली आणि पुढे महिनाभर परत केली नाही.

कॅसेटच्या कव्हरवर तिघींचा फोटो होता. केस विस्कटलेले, अंगात पुरुषांचे ढगळ शर्ट, पायात बूट. बहीण फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यांना कुणी तेल लावून वेणी घालायला सांगत नाही वाटतं."

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, बहीण पहिल्याला. आमची बौद्धांची कॉलनी. वडील सातपूरच्या एका कारखान्यात फिटर, आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. शिवाय आई ढोलकी वाजवायची. कॉलनीतल्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात बाकी सगळ्या टाळ्यांचा ठेका धरायच्या, ढोलकी मात्र आईच्याच मांडीवर. तिच्या वडिलांकडून शिकली होती.

तिसरी आमची मैत्रीण, सायखेड्याची. शेतकऱ्याची मुलगी, शिकायला म्हणून नाशकात मामाकडे राहायची. तिनं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाली, "हे लय भारी हाय. आपण हेच म्हणू गॅदरिंगला."

"इंग्लिश? आपण?" मी म्हटलं.

"मग काय झालं? तिघी त्या, तिघी आपण."

आम्ही मराठी शाळेत शिकलेल्या. टेप पुढेमागे करत एकेक ओळ कानानं पकडली. अर्थ अर्धाच लागत होता, पण एवढं कळत होतं, की ती गाणारी कुणाला तरी ठणकावून सांगतेय, तू गेलास तरी माझं काही अडत नाही. मैत्रिणीला हे भलतंच आवडलं. ती ओळ म्हणताना ती कमरेवर हात ठेवायची.

गॅदरिंगच्या निवडीला गेलो, तर कॉलेजच्या मुलांच्या ऑर्केस्ट्रानं साथ करायला साफ नकार दिला. त्यांचा गिटारवाला म्हणाला, "आम्हाला पंधरा गाणी बसवायचीत. तुम्ही भावगीत घ्या ना एखादं, पेटीवर होऊन जाईल." निवड करणाऱ्या सरांनीही सांगितलं, की साथ आणलीत तर नाव घालतो.

घरी येऊन आम्ही तोंडं पाडून बसलो. आई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले आणि म्हणाली, "लावा बघू ते गाणं."

आम्ही टेप लावला. आईनं डोळे मिटून ऐकलं. मग कोपऱ्यातली ढोलकी काढली, दोऱ्या ताणून घेतल्या आणि टेपबरोबर वाजवू लागली. "केरव्याच्या तालात बसतंय की," ती म्हणाली. "जरा पळवलं म्हणजे झालं." थोड्या वेळानं ती थांबली. "एक सांगू? ह्या तिघी एकाच सुरात गातात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. तुम्ही मात्र एकमेकींच्या पुढे पळताय. एकीचा श्वास दुसरीला ऐकू आला पाहिजे."

त्यानंतर रोज संध्याकाळी आईनं आम्हाला घासून घेतलं. ती शाळेतून दमून यायची, चहा घ्यायची आणि ढोलकी मांडीवर घ्यायची. मैत्रीण तिला मावशी म्हणायची आणि जेवूनच घरी जायची.

कपड्यांचा प्रश्न वडिलांनी सोडवला. फार बोलणारा माणूस नव्हे. कव्हरवरचा फोटो त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपले कारखान्याचे तीन खाकी शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून खाटेवर ठेवले. एवढंच म्हणाले, "बाह्या दुमडून घ्या."

गॅदरिंगच्या दिवशी आम्ही सलवारीवर ते शर्ट घालून स्टेजवर गेलो. आमच्या शेजारी काठापदराचं लुगडं नेसलेली आई ढोलकी घेऊन बसली, तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "इंग्लिश लावणी!" मी आईकडे पाहिलं. आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिनं थाप मारली. ती थाप इतकी स्वच्छ होती, की हसणं मधेच तुटलं. दुसऱ्या थापेला आम्ही तिघींनी एकदम श्वास घेतला आणि गायला लागलो.

मधल्या जागी, जिथे कॅसेटवर नुसती वाद्यंच वाजतात, तिथे आईनं स्वतःचं काही वाजवलं. आमच्या तालमीत ते कधीच नव्हतं. सगळा हॉल टाळ्यांचा ठेका धरू लागला. विंगेत उभा असलेला तो गिटारवालाही पायानं ताल धरत होता. शेवटी वन्स मोअर आला आणि आम्ही पुन्हा गायलो. बक्षीस एका नाटुकल्याला मिळालं; आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर मैत्रिणीचे वडील उभे होते. सायखेड्याहून एसटीनं आले होते, लेकीला न कळवता. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. मैत्रीण पांढरीफटक पडली. "अण्णा, तुम्ही?"

त्यांनी तिच्या खाकी शर्टाकडे पाहिलं, मग आईकडे वळून हात जोडले. "बाई, मला कळलं काय नाय. पर पोरगी इतकी ताठ उभी राहिलेली मी पयल्यांदा पायली." मग म्हणाले, "उन्हाळ्यात थोरलीचं लगीन हाय. तुम्ही या. ढोलकी घेऊन या."

आई लगेच हो म्हणाली नाही. "वाजवायलाच बोलवताय, की पाहुणी म्हणून?" तिनं शांतपणे विचारलं. त्या काळात आमच्या माणसांना गावच्या लग्नात वाजवायला बोलावणं नवं नव्हतं. वाजवून झालं, की त्यांची पानं वेगळी, मांडवाबाहेर मांडत. मैत्रिणीच्या वडिलांना प्रश्न नेमका कळला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं. मग म्हणाले, "पाहुणी म्हणून. वाजवायचं तुमच्या मनावर."

उन्हाळ्यात आम्ही घरातले चौघंही लग्नाला गेलो. जेवणाच्या पंगतीत मैत्रिणीच्या आईनं माझ्या आईला आपल्या शेजारी बसवलं. कुणी दोघी-तिघी उठून दुसरीकडे गेल्या, ते आम्ही पाहिलं. यजमानीण हलली नाही. तिनं स्वतःच्या हातानं आईला पुरणपोळी वाढली आणि वर तूप सोडलं.

जेवण झाल्यावर आईनं आपण होऊन ढोलकी मागवली. नवरीच्या मैत्रिणी गोळा झाल्या. आम्ही तिघींनी ते इंग्लिश गाणं म्हटलं, भर दुपारी, मांडवाच्या मधोमध. म्हाताऱ्या बायकांना काही कळत नव्हतं, पण त्या ठेक्यावर मान डोलवत होत्या. माझे वडील खांबाला टेकून उभे होते. शेजारच्या अनोळखी माणसानं त्यांना विचारलं, "ही ढोलकीवाली कोण हो?"

वडील म्हणाले, "आमच्या मंडळी." आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की गाता गाता मलासुद्धा ऐकू आलं.