वहिनींनी काढून घेतलेली धार

दुसऱ्याचा चाकू हातात आला की दादा तो आधी उघडायचे, मग मिटवायचे, पुन्हा उघडायचे. मिटताना 'टक' असा आवाज नीट आला नाही तर तिथेच नाक मुरडायचे. मग पात्यावर अंगठा आडवा फिरवायचे आणि चाकूच्या मालकाकडे अशा नजरेने बघायचे, की आपण चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

"हा चाकू नाय," ते म्हणायचे. "हा चमचा हाय. आमटी वाढा याने."

माझ्या चाकूला हे प्रशस्तिपत्रक पहिल्याच भेटीत मिळालं. माझ्या वडिलांचा पितळी मुठीचा चाकू होता तो. मला राग आला आणि मी दुसऱ्या आठवड्यात धार लावून पुन्हा गेलो. दादांच्या तावडीत माणसं अशीच सापडायची.

शुक्रवारी बोईसरच्या कारखान्यांना सुट्टी. सकाळी नवापूर रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीमागे आम्ही चौघं जमायचो. मी औषधांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चिंचणीचे एक निवृत्त मास्तर होते. उत्तर प्रदेशातून आलेला एक वेल्डर होता, त्याला सगळे भाई म्हणत. आणि दादा. आमच्यात सामाईक गोष्ट एकच, रोज खिशात असणारा मिटणारा चाकू. आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसांनी एकमेकांचे चाकू बघायला जमायचं म्हणजे काय! पण कबुतरं पाळणारे तुमच्या गल्लीत असतीलच, आणि त्यांना तुम्ही काही म्हणत नाही. आम्ही बाकावर जुना पेपर पसरायचो, त्यावर आपापले चाकू मांडायचो आणि आठवडाभर कोणी काय काय कापलं ते सांगत बसायचो. टपरीवाला आमची ऑर्डर ओरडायचा, "चाकूवाल्यांना चार कटिंग!"

एकदा ही आरोळी नेमकी एका हवालदाराच्या कानावर पडली. तो मागे आला तर समोर चार उघडे चाकू. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. दादा मात्र जागचे हलले नाहीत. "साहेब, तुमच्या काठीचं टोक फुटलंय," ते म्हणाले, "हाताला कुसळ लागंल. द्या इकडं." आणि त्याला काही सुचायच्या आत काठी घेऊन त्यांनी टोक तासून गुळगुळीत करून दिलं. हवालदाराने चहा घेतला आणि जाताना सांगितलं, "पेपर जरा मोठा पसरत जा, दिसतं लांबून."

दादांचा स्वतःचा चाकू मात्र बघण्यासारखा होता. करवतीच्या तुटक्या पात्यापासून पालघरच्या एका लोहाराने तो करून दिला होता. मूठ म्हशीच्या शिंगाची, वापरून वापरून काळ्या आरशासारखी झालेली. दादा विजेच्या जाड केबलींना जोड मारायचे. केबलीचं वरचं साल काढायचं आणि आतल्या थराला ओरखडाही जाऊ द्यायचा नाही, असं ते काम. इतरांनी त्यासाठी कारखान्यातली हत्यारं घेतली, दादांनी हाच चाकू शेवटपर्यंत वापरला. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. लपवण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहा बशीत सांडायचा. दादा म्हणायचे, टपरीवाला कप जास्त भरतो. पुढे त्यांचं जोडाचं काम बंद झालं. पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, पण हा आजार जाणार नाही, वाढत जाणार. दादांनी हे आम्हाला शुक्रवारी सांगितलं आणि लगेच मास्तरांच्या चाकूचा खिळा ढिला झालाय म्हणून त्यांना झापलं. 

चाकूने त्यांची बोटं कापली जायला लागली. एका शुक्रवारी अंगठ्याला पट्टी, पुढच्या शुक्रवारी तळहाताला. एकदा चिकू कापताना जखम इतकी खोल गेली, की वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, बेटेगावच्या घरून रिक्षा करून त्यांना टाके घालायला नेलं. त्यानंतर चाकू घरातून नाहीसा झाला.

पुढचं मला वहिनींनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. हातात भाजीची पिशवी, आवाज अगदी खाली.

"चाकू लपवला तर ते जेवले नाय. खिशावर हात मारीत बसायचे. बाहेर पडायला तयार नाय. मग मी परत दिला. पन आधी पायरीवर घासला. घासघास घासला, पार बोथट केला. चाकू ऱ्हाऊ दे त्यांच्याकडे, धार तेवढी मी काढून घेतली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी लोक बोलू नका हां काय."

मी भाईला आणि मास्तरांना सांगून ठेवलं. पुढच्या शुक्रवारी दादा आले, बसले आणि नेहमीप्रमाणे चाकू पेपरवर ठेवला. रीतीप्रमाणे कोणीतरी तो उचलून बघायला हवा. भाईने उचलला. पात्यावर अंगठा आडवा फिरवला. ते पातं लोणीसुद्धा कापणार नाही अशा अवस्थेत होतं, आणि मी सांगितलेलं असूनही भाईचा चेहरा पडला.

"बढ़िया है दादा," तो म्हणाला. "एकदम बढ़िया. क्या धार है!"

इथेच घात झाला. आमच्यात चाकूला कोणी सरळ चांगलं म्हणत नसे. खोड काढायची, हीच आमची दाद. इतक्या वर्षांत भाईने दादांच्या चाकूला कधी बरं म्हटलं नव्हतं. दादांनी त्याच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग माझ्याकडे. थरथरत्या हाताने चाकू ओढून घेतला आणि मिटवला. मिटवायला त्यांना बराच वेळ लागला आणि आम्ही कोणीच मदत केली नाही.

"मला त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "पायरीवर दिसत नाय काय मला, काळे ओरखडे?"

दादांनी चाकू खिशात टाकला.

"तिला सांगू नका मला कळलंय म्हून. हात कापून घ्यायला लागलो तवापासून ती रातची उठून माझे हात बघायची. चाकू घासला तवापासून निजते."

त्यानंतर हा खेळ सुरू झाला. दादा घरी त्या चाकूने चिकू 'कापायचे'. म्हणजे पात्याने दाबून त्याचा लगदा करायचे आणि खायचे. वहिनी मला भेटल्या की समाधानाने सांगायच्या, "त्यांना काय कळलं नाय बगा." मी मान हलवायचो. दोघं एकमेकांना जपत होती आणि त्यांचं खोटं आम्ही तिघं वाहत होतो. मला ते जड जायचं, खरंच जड जायचं.

आजार थांबणार नव्हताच. आधी दादांचं येणं कमी झालं, मग बंद झालं. भाईला सुरतेकडे काम मिळालं, तो गेला. मी आणि मास्तर दोन-तीन शुक्रवार बसलो. चाकू काढले, पण खोड काढायला तोंड उघडेना. आता मास्तरही येत नाहीत आणि मीही त्या रस्त्याने जात नाही.

मध्यंतरी बेटेगावला जाऊन आलो. दादा ओट्यावर खुर्चीत बसले होते. चेहरा हलत नव्हता, फक्त डोळे माझ्याबरोबर फिरले. मी बोलत राहिलो. त्यांनी काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. वहिनींनी वाकून कान दिला आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चाकू होता आणि धार लावायचा दगड.

"धार लावा म्हनतात," त्या म्हणाल्या.

मी चाकू हातात घेतला, पण दगडाला हात लावला नाही.

"लावा. त्यांना सगळं ठावं होतं. मला पन ठावं होतं त्यांना ठावं हाय ते."

मी ओट्यावर बसलो, दगडावर पाणी घेतलं आणि पातं फिरवायला लागलो. पायरीने धार पार खाल्ली होती, ती परत यायला वेळ लागला. दादा एकटक बघत होते. अखेर पातं चमकलं. मी चाकू मिटवला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर वळवली. बोटं तशी राहिली नाहीत. चाकू घरंगळून मांडीवर पडला.

वहिनींनी तो उचलला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला. खिसा वरून थोपटला.

"ऱ्हाऊ दे धार," त्या मला म्हणाल्या. "आता भीती नाय. उघडायला जमत नाय त्यांना."