निमगडे बाईंचं बिघडलेलं लेकरू

नव्या बॅचचा पहिला तास असला की निमगडे बाई वर्गाचं दार लावून घ्यायच्या, खिडकी मात्र सताड उघडी ठेवायच्या आणि पोरींना बाईच्या शरीरातल्या सगळ्या अवयवांची नावं मोठ्याने म्हणायला लावायच्या. गर्भाशय. योनी. स्तन. पोरी माना खाली घालून पुटपुटायच्या. बाई म्हणायच्या, "आयकू नाई आलं. बाहेरच्या बाबूले आयकू गेलं पायजे." तिसऱ्या-चौथ्या खेपेला आवाज चढायचा आणि बाहेरून आमचा बाबू, म्हणजे कारकून, येऊन धाडकन खिडकी लावून घ्यायचा. खिडकी लागली की बाई समाधानाने खुर्चीवर बसायच्या. "झालं. आता शिका. ज्या जागेतून आलो तिचं नाव घ्याले लाज वाटते, तं उद्या तिथी हात घालून लेकरू कसं काढसान वं?"

चंद्रपूरकडच्या मूल गावापासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये आमची ही खाजगी नर्सिंग शाळा. बाई प्रसूतीशास्त्र शिकवायच्या, मी सामाजिक आरोग्य. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "इतके बाळंतपणं पाह्यले, आता नवरा पाहून का करू?" उंच, काळ्यासावळ्या, पांढरी साडी कडक इस्त्रीची आणि जीभ तिच्याहून कडक. मला त्या नावानेच हाक मारायच्या, "ए कुंदा." शाळेत मला अशी हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग एका खाण कंपनीने देणगी म्हणून ते डबे पाठवले. डोळ्यांवर बांधायचे. चष्मा म्हणावा तर चष्मा नव्हे, चांगला डब्बाच. त्यातून आपली खोली आपल्याला दिसतेच, भिंत, फळा, बाक सगळं जागच्या जागी. फक्त बाकावर एक पोटुशी बाई झोपलेली दिसते, जी तिथे नसतेच. तिच्या पोटावर हात ठेवायचा, बाळाचं डोकं चाचपायचं, बाळ बाहेर येताना कसं वळतं ते जवळून पाहायचं. आमच्या पोरींना पुतळ्यावर शिकायची सवय, तोही एका हाताने तुटका. त्यांना हे म्हणजे सोनंच होतं. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी नारळ फोडला आणि प्रत्येक डब्याला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं समोरच्या बारक्या काचेवर, ज्यातून तो डबा बघतो. पहिल्या पोरीने डोक्यावर चढवला तर तिला अख्खी खोली लाल दिसायला लागली. बाई मागून म्हणाल्या, "डोळ्यात कुंकू भरल्यावर डब्ब्याले दिसन कसं बापा?" सगळे हसले. भाऊसाहेब हसले नाहीत.

पुसून-पासून पुन्हा लावला, तर बाळंतपणाचा धडा उघडेना. पडद्यावर पाटी आली: ही सामग्री प्रौढांसाठी आहे. डबे बसवणाऱ्या माणसाने कागदावर 'शाळा' हा शब्द वाचला होता आणि सगळ्या डब्यांना लहान मुलांचं कुलूप लावून टाकलं होतं. आमच्या पोरी एकोणीस-वीसच्या. एक तर लेकुरवाळी. बाईंनी तिला पुढे ओढलं. "पाहा बापा. हिचं लेकरू अंगणवाडीत जाते, अन् हा डब्बा म्हणून राह्यला का तू अजून लहान आहे."

कुलूप काढायचं तर एका मोठ्या माणसाने आपलं नाव आणि फोन द्यायचा, म्हणजे डबा त्याला 'पालक' मानणार. शिवाय मधलं काही नव्हतं. नुसतं बाळंतपण उघडा आणि बाकीचं बंद ठेवा, असं त्या डब्याला कळतच नव्हतं. कुलूप काढलं की प्रौढांचं सगळंच उघडं. बाईंचा संताप संताप झाला. "जन्म अन् घाण एकाच कुलपात ठेवली या लोकायनं. ज्यानं हे बनवलं त्याले त्याच्या मायनं पेटीतून काढला का?" मला आजही वाटतं, त्या डब्याबद्दल याहून खरं कोणी बोललं नाही.

पण नाव देणार कोण? प्राचार्य म्हणाले, माझ्या घरी मुली आहेत. बाबू म्हणाला, मले बायको आहे. भाऊसाहेबांनी सभेत संस्कारांवर भाषण ठोकलं. शेवटी बाईंनीच नाव दिलं. सहापैकी एकाच डब्याचं कुलूप काढायला लावलं, तो डबा स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. "मले कोणाची भीती? ना नवरा, ना लेकरू. आता हा डब्बा माहं लेकरू."

त्या धड्यात एक खोट होती. बाकावरची ती बाई ओरडत नव्हती. कळा द्यायची तीही शहाण्यासारखी, ओठ मिटून. घाम नाही, शिवी नाही. बाईंना हे पटेना. मग त्या पदर खोचून डबा बांधलेल्या पोरीच्या पायाशी फरशीवर उकिडव्या बसायच्या आणि त्या मुक्या बाईच्या वतीने स्वतः ओरडायच्या. कशा! "अवं माय वं! मेली वं! हात नोको लावू, रांडे! कुठी गेला तो मुडदा?" पोरी दचकायच्या, हसायच्या, मग हसू थांबायचं. भामरागडकडची मैनी नावाची एक माडिया पोरगी होती, अबोल, हात मात्र असा हलका की बाई तिला 'माही सुईण' म्हणायच्या. तिचे हात पहिल्यांदा थरथरले तेव्हा बाई ओरडणं थांबवून म्हणाल्या, "तिले ओरडू दे. ते तिचं काम आहे. तू तुहं कर." आणि पुन्हा ओरडायला लागल्या.

भाऊसाहेबांकडे पाहुणे यायचे होते. त्यांना डब्यातला जंगलाचा वाघ दाखवायचा म्हणून त्यांनी शनिवारी बाबूला पाठवलं. पाच डबे समोर मांडलेले, पण निरोप होता, बाईंच्या कपाटातलाच पाहिजे. बाई म्हणाल्या, "काऊन? वाघ तं कोणत्याबी डब्ब्यात दिसते." प्राचार्यांनी लेखी हुकूम दिला तेव्हा बाईंनी किल्ली काढून दिली, आणि माजरीला बहिणीकडे निघून गेल्या.

रविवारी भर दुपारी त्यांचा फोन वाजायला लागला. पालक ना त्या! तो डबा इमानाने कळवत होता: तुमच्या मुलाने प्रौढांसाठीची सामग्री उघडली आहे. पुन्हा. पुन्हा. खाली त्या चित्रफितींची नावं, जी मी इथे लिहिणार नाही. बाईंना आधी हसू आलं. बहिणीला म्हणाल्या, "माहं लेकरू लय बिघडलं वं." मग ध्यानात आलं की सोमवारी हाच डबा पोरींच्या डोळ्यांवर जाणार. कुलूप फोनवरूनही लावता येतं हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लगेच प्राचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, आज रविवार आहे. उद्या बोलू."

सोमवारी माजरीहून येणारी बस रस्त्यात बंद पडली. बाबूने सकाळीच डबा वर्गात आणून ठेवला होता. रोजच्यासारखा मैनीने पहिला चढवला. भाऊसाहेबांनी जिथे सोडलं होतं तिथूनच ते पुढे सुरू झालं, आमच्याच वर्गात, आमच्याच बाकावर. मी शेजारच्या वर्गातून किंकाळी ऐकून धावले तर मैनी डबा फेकून दाराशी ओकत होती. ती ज्या बाकाकडे बोट दाखवत होती तिथे काहीच नव्हतं, आणि तरी त्या दिवसानंतर त्या बाकावर एकही पोरगी बसली नाही.

बाई आल्या तेव्हा मैनी म्हणाली, "बाई, मी घरी जातो. मले हे शिकाचं नाई." बाईंनी तिचं तोंड धुतलं. म्हणाल्या, "ज्यानं पाह्यलं त्यानं घरी जावं. तू काऊन जाशीन?"

गाव जमा झालं. पोरींचे बाप आले. चौकशी बसली आणि चौकशीच्या खुर्चीत कोण, तर भाऊसाहेब! पांढरे कपडे, कपाळी गंध. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, रविवारची वेळ दाखवली, आपण माजरीला होतो हे सांगितलं. मीही उभी राहून सांगितलं की डबा कोणी नेला आणि कोणाच्या हुकुमावरून नेला. बाबू भिंतीकडे बघत बसला. प्राचार्यांना तो हुकूम आठवेना, आणि त्याचा कागद बाईंच्या कपाटातून गायब होता. एक सभासद म्हणाले, "नाव तुमचं, फोन तुमचा. आम्ही दुसरं काय समजायचं? आणि मुलींकडून भलते शब्द म्हणवून घेता, हे तर सगळ्या गावाला ठाऊक आहे."

म्हणजे दावा असा की ज्या बाईला गर्भाशय म्हणायला लाज वाटत नाही, तीच ती घाण बघणार. बाईंना कळलं, इथे निकाल आधीच लागलेला आहे. त्या उठल्या, भाऊसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, हे मशीन तुमाले माहं लेकरू म्हणते. खरंच माह्या पोटचं असतं, तं दोन थापडा देल्या असत्या अन् मंग जवळ घेतलं असतं. पण तुमाले जवळ कोण घेईन?"

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. नोकरी गेली त्याचं त्यांना वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फाटकाशी त्या माझा हात धरून रडल्या. "कुंदा, चोर म्हटलं असतं तं चाललं असतं वं. हे म्हणाले नोको पायजे होतं." मग डोळे पुसून पिशवीतून फोन काढला आणि डब्याचं कुलूप पुन्हा लावलं. "जाता जाता दार लावून जातो."

यातलं पुढचं संस्थेला कधी कळलंच नाही. पालक बदलायचा तर दुसऱ्या कोणी नाव द्यावं लागणार, आणि एवढ्या बोभाट्यानंतर ते देणार कोण? त्यामुळे हाकललेल्या बाईच त्या डब्याच्या पालक राहिल्या. बाईंचा वर्ग माझ्याकडे आला. मी तासाला डबा काढला की तो परवानगी मागायचा, ती मागणी बाईंच्या गावी, त्यांच्या अंगणातल्या खाटेवर वाजायची, आणि क्षणात आमच्या बाकावर ती पोटुशी बाई झोपलेली दिसायची. तास संपला की कुलूप पुन्हा बंद. मधल्या काळात रविवारच्याही मागण्या यायच्या. बाई मला फोनवर सांगायच्या, "आज पुन्हा मांगून राह्यलं माहं लेकरू. म्या नाई म्हटलं. पालक म्हणते ना मले? मंग पोराले नाई म्हणता आलं पायजे."

मैनी टिकली. पास होऊन आपल्याच भागात लागली. पुरात नाला अडला होता, तेव्हा एका झोपडीत पायाळू बाळ तिने एकटीने सोडवलं. नंतर तिने बाईंना फोन केला. बाई ते मला इतक्यांदा सांगायच्या की मला पाठ झालं आहे. "बाई, ती तुमच्यासारखीच ओरडली. मले वाटलं तुमीच आहा. म्हणून मी भेली नाई."

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. कावीळ अंगावर काढली. इतरांना दवाखान्यात ढकलणारी बाई स्वतः गेली नाही. बुद्धवंदनेला आम्ही पाच-सहा जणी होतो, मैनी रात्रभर प्रवास करून आलेली. संस्थेकडून कोणी आलं नाही. भाऊसाहेबांचा त्याच आठवड्यात शिक्षणमहर्षी म्हणून सत्कार होता, पोरींना तिथे स्वागतगीत म्हणायला नेलं होतं. बाईंच्या भावाने त्यांचा फोन बंद करून पेटीत ठेवला. त्याला तरी काय माहीत?

मी संस्थेला अर्ज दिला की पालक म्हणून माझं नाव लावा. उत्तर आलं, त्या विषयाला पुन्हा हात लावू नये.

या वर्षीची बॅच आली. धड्याचा दिवस आला तसा मी सवयीने कपाटातून डबा काढला आणि पुढच्या पोरीच्या डोक्यावर बांधला. ती बराच वेळ मान वळवून बाकाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "काय दिसते?"

ती म्हणाली, "मॅडम, काईच नाई. पालकाच्या परवानगीची वाट पाहून राह्यलो, असं म्हणते."

मी तो डबा तिच्या डोक्यावरून उतरवला. मला भयंकर राग आला होता. बाबूची खुर्ची बाहेर खिडकीखालीच होती. मी खिडकी सताड उघडली, जुना तुटका पुतळा बाकावर ठेवला, पोरीचे हात त्याच्या पोटावर टेकवले. मग पदर खोचला, फरशीवर उकिडवी बसले आणि बाईंच्या आवाजात, जमेल तेवढ्या जोराने, ओरडायला लागले.